चार्जिंगचा हिशेब आणि अँमीटर



या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरी जिन्याखाली किंवा गॅलरीत इन्व्हर्टरची बॅटरी आहे, असे मी विचारले तर पुष्कळ हात वर येतील. त्या बॅटरीत काल रात्री किती करंट गेला, असे विचारले तर मात्र बहुधा एकही हात वर येणार नाही. वाण्याकडून आणलेली साखर आपण घरच्या तराजूत पुन्हा टाकून पाहतो. दूधवाल्याच्या मापावर आपली नजर असते. पण दहा-पंधरा हजारांची बॅटरी भरली की नाही, हे आपण एका हिरव्या दिव्याच्या शब्दावर मानतो. माझा आजचा विषय त्या दिव्यावर अविश्वास दाखवण्याचा आहे, आणि त्यासाठी जे उपकरण लागते त्याचे नाव अँमीटर.

मी विजेचा इंजिनिअर नव्हे. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले, आणि या उपकरणाची ओळखही मला एका भांडणातूनच झाली. ते भांडण आधी सांगतो, कारण पुढचे सगळे शास्त्र मी त्याच्या पाठोपाठ शिकलो.

२००८ सालची गोष्ट. आमच्या एम.आय.डी.सी.तील एका कारखान्यात माल उचलणाऱ्या बॅटरीवरच्या गाड्या, म्हणजे फोर्कलिफ्ट, होत्या. प्रत्येक गाडीत ४८ व्होल्टची बॅटरी, दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, क्षमता ५०० अँपिअर-तास. गाडी दिवसा चालायची आणि रात्री चार्जिंगच्या खोलीत उभी राहायची. त्या वर्षी गाड्या दुपारीच दमू लागल्या. दोन-अडीच वाजले की काटे उचलेनात, चढावर गाडी थांबे. सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या निकामी ठरल्या. व्यवस्थापनाने तीन ड्रायव्हरांना आरोपपत्रे दिली. आरोप असा, की हे लोक इशारा न जुमानता गाडी शेवटच्या थेंबापर्यंत पळवतात आणि बॅटरीचा नाश करतात. नुकसान त्यांच्याकडून वसूल का करू नये? आमच्यातला एक जण म्हणाला, "दादा, चार्ज बॅटरीला लागायचा तो आम्हाला लागला." हसण्यावारी गेलेले ते वाक्य अक्षरशः खरे होते, हे कळायला मला चार महिने लागले.

व्यवस्थापनाचा पुरावा भक्कम होता. चार्जरच्या तोंडावरचा अँमीटर रोज रात्री ६० अँपिअर दाखवत होता. चार्जर जुन्या पद्धतीचा, हाताने टप्पा फिरवून करंट लावण्याचा. खोलीतला माणूस काटा साठावर आणून ठेवी आणि तो खाली आला की पुन्हा टप्पा वाढवी. सात तास साठ म्हणजे ४२० अँपिअर-तास. दिवसभराच्या कामाला सुमारे ३५० लागत. म्हणजे रात्री भरपूर पाजले जाते आहे. दुपारी गाडी दमत असेल तर चूक चालवणाऱ्याची, हा त्यांचा युक्तिवाद. आणि मी? मी चौकशी अधिकारी पक्षपाती आहे, आरोपपत्राची भाषा मोघम आहे, अशा मुद्द्यांवर चार महिने लढलो. आकड्यांना हात घालावा हे मला सुचले नाही.

येथे थोडे थांबून बॅटरीच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे. शिशाची बॅटरी १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवली. एका पट्टीवर शिसे, दुसऱ्या पट्टीवर शिशाचा एक ऑक्साइड, मधे पाणी घातलेले गंधकाम्ल. बॅटरी वापरली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट चढते आणि अॅसिड पातळ होते. चार्ज केली की ते सल्फेट मोडून पुन्हा मूळ पदार्थ होतात आणि अॅसिड दाट होते. आता हे सल्फेट मोडण्याचे काम किती झाले, हे कशावरून ठरते? मायकेल फॅरेडेने १८३० नंतरच्या काही वर्षांत याचा नियम बसवला: पदार्थात होणारा बदल हा त्यातून गेलेल्या विजेच्या एकूण राशीच्या प्रमाणातच असतो. लोहाराचा हा मुलगा बुकबाइंडरकडे उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला, म्हणून आमच्यासारख्यांना तो जरा जवळचा वाटतो. त्याच्या नियमाने हिशेब केला तर एक अँपिअर करंट एक तास गेला की प्रत्येक सेलच्या एका पट्टीवर सुमारे ३.९ ग्रॅम शिशाचा बदल होतो. त्याहून जास्त नाही, कमी नाही. व्होल्ट कितीही असोत. अँपिअर आणि तास यांचा गुणाकार हीच बॅटरीची मजुरी.

मग व्होल्टमीटर काय सांगतो? व्होल्ट म्हणजे दाब. चार्जर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर जो व्होल्ट दिसतो तो पुष्कळसा चार्जरने लावलेला दाब असतो. भाकरी तव्यावर टम्म फुगली म्हणून ती आतून भाजली असेलच असे नाही. १२ व्होल्टची बॅटरी चार्जिंगला १४.४ दाखवते म्हणजे ती भरली असे नव्हे. तिच्यात तेव्हा करंट किती जातो आहे, हे सोबत पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. चार्जर काढून चार-सहा तास बॅटरी स्वस्थ ठेवली तर व्होल्टमीटर बरेच खरे बोलतो, १२.६ ते १२.७ म्हणजे पोट भरलेले. पण रोजच्या कामात एवढा वेळ देतो कोण?

दुसरा साक्षीदार हायड्रोमीटर, म्हणजे अॅसिडची घनता सांगणारी काचेची नळी. भरलेल्या फोर्कलिफ्ट-बॅटरीत ती १.२८० च्या आसपास असते. आपली माणसे तिला 'बाराशे ऐंशी' म्हणतात. आमच्या चार्जिंगच्या खोलीत एक वयस्कर कामगार होते. त्यांनी रोज पहाटे चार्जर बंद करण्यापूर्वी चार सेलांची घनता एका शंभरपानी वहीत लिहून ठेवली होती. कुणी सांगितले नव्हते; आधीच्या नोकरीत लागलेली सवय. त्या वहीत पहाटेची घनता बाराशे, अकराशे नव्वद, बाराशे दहा. चार महिन्यांनंतर, चहा पिताना, त्यांनी मला सहज विचारले, "साहेब, पूर्वी पहाटे सेल उकळायचे. हल्ली उकळतच नाहीत. ते कसे?"

सेल 'उकळणे' म्हणजे गॅस सुटणे. चार्जिंगच्या शेवटी प्रत्येक सेलचा व्होल्ट २.४ च्या आसपास गेला की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. रात्रभर ६० अँपिअर पाजलेली बॅटरी पहाटे उकळत नसेल आणि तिचे अॅसिड पातळच राहत असेल, तर दोनांपैकी एक गोष्ट खरी: एक तर बॅटरी खराब, नाही तर अँमीटर खोटा. नवी करकरीत बॅटरी लावली तीही उकळेना. मग उरला अँमीटर.

आता मोजणार कशाने? कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनने आपला टाँग टेस्टर आणला. हे चिमट्यासारखे उपकरण आपण पाहिले असेल. तार न तोडता तिच्याभोवती जबडा लावायचा आणि आकडा वाचायचा. त्याने जबडा लावला, तर कधी चार, कधी सहा. अधिकारी हसले. इलेक्ट्रिशियन गोंधळला. कारण असे, की साधा टाँग टेस्टर आतून ट्रान्सफॉर्मर असतो आणि ट्रान्सफॉर्मरला फक्त बदलता, म्हणजे ए.सी. करंट कळतो. बॅटरीत जाणारा करंट डी.सी., एकाच दिशेचा. त्यावर थोडी लाट असते तेवढीच त्या बिचाऱ्याला दिसली. डी.सी. मोजणारा क्लॅम्पमीटर वेगळा येतो. त्याच्या जबड्यात एक अर्धवाहकाची चकती असते, आणि एडविन हॉल याने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर ती चालते: चुंबकीय क्षेत्र आले की चकतीच्या कडांवर किंचित व्होल्ट उभा राहतो, क्षेत्र स्थिर असले तरीही. दुकानात तुम्ही नुसते "क्लॅम्पमीटर द्या" म्हणालात तर स्वस्तातला ए.सी.वालाच हाती पडण्याचा संभव फार. त्यावर व्होल्टसाठी डी.सी. असे लिहिलेले असते, आणि ते पाहून माणूस फसतो. अँपिअरच्या खुणेपुढे डी.सी.ची सरळ रेघ आहे की नाही, हे पाहूनच पैसे द्यावेत.

शेजारच्या गावातून तसा मीटर मागवला. पहिल्यांदा जबडा लावला तो मीच, आणि आला शून्य! माझा घाम निघाला. मग लक्षात आले, की घाईत मी प्लस आणि मायनस दोन्ही केबली एकदम जबड्यात घेतल्या होत्या. एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो. दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकींना मारतात. एकच केबल घ्यावयाची असते. दुसऱ्यांदा एकच घेतली. चार्जरचा काटा साठावर होता. क्लॅम्पमीटरचा आकडा होता छत्तीस.

सात तास छत्तीस म्हणजे २५२. त्यातही बॅटरी घेतलेले सगळे परत देत नाही. शंभर अँपिअर-तास काढले तर पुन्हा भरायला एकशेदहा ते एकशेवीस घालावे लागतात. म्हणजे हाती उरले सुमारे २२०. काम मात्र ३५० चे. गाडी दुपारी दमेल नाही तर काय करील?

अँमीटर खोटे का बोलत होता, हे समजण्यासाठी शंट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. घड्याळासारख्या त्या नाजूक मीटरमधून साठ-सत्तर अँपिअर कधीच जात नाहीत; गेले तर त्याचा धूर होईल. सगळा करंट जातो एका जाड पट्टीतून. ती शंट. ही पट्टी तांबे, मँगेनीज आणि निकेल यांच्या मँगॅनिन नावाच्या मिश्रधातूची असते. तापली तरी तिचा विरोध फारसा बदलत नाही, म्हणून ती निवडतात. पट्टीतून करंट गेला की तिच्या दोन टोकांत अगदी थोडा व्होल्ट पडतो, आणि मीटर मोजतो तो एवढाच. पट्टीवर कोरलेले असते: '१०० अँ., ७५ मि.व्हो.' म्हणजे १०० अँपिअर गेले की ७५ मिलिव्होल्ट पडतील. मीटरच्या तबकडीवरही खाली बारीक अक्षरांत तेच लिहिलेले असते. दोघांची जोडी जुळली तर मीटर खरा.

आम्ही चार्जरचे झाकण उघडले. तबकडीवर लिहिले होते १०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट. आतल्या शंटवर कोरले होते ६० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट. मूळ शंट केव्हातरी बोल्टापाशी जळला असावा आणि दुरुस्तीवाल्याने हाताला आला तो बसवला. आता ६० अँपिअर गेले की ७५ मिलिव्होल्ट पडणार आणि तबकडी दाखवणार १००. दर शंभराला साठच खरे. साठाला छत्तीस.

दोघा ड्रायव्हरांची आरोपपत्रे मागे घेतली गेली. तिसऱ्याने त्याआधी तीन आठवडे, रोजच्या चौकशीला कंटाळून, फुल-अँड-फायनलवर सही करून गाव गाठले होते. त्याला परत घेण्यासाठी आम्ही पत्रे लिहिली, भेटी घेतल्या. सही झालेली होती. वही पहिल्या आठवड्यात मागितली असती तर तो माणूस आज पेन्शनीला पोचला असता, हे मला अजून टोचते.

असो. आता घरच्या आणि धंद्याच्या उपयोगाचे सांगतो. अँमीटर कोणता घ्यावा?

चार्जरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बोर्डावर कायमचा बसवायचा असेल तर काट्याचा मूव्हिंग कॉइल मीटर किंवा शंटवर चालणारा डिजिटल मीटर घ्यावा. मूव्हिंग आयर्न नावाचा स्वस्त काट्याचा मीटरही मिळतो, तो ए.सी. आणि डी.सी. दोन्ही दाखवतो म्हणून दुकानदार त्याची भलामण करतात. पण चार्जरमधून येणारा करंट नळाच्या अखंड धारेसारखा नसतो. तो हापशाच्या पाण्यासारखा धक्क्याधक्क्याने येतो. बॅटरीला त्याची सरासरी लागू पडते, आणि मूव्हिंग कॉइल सरासरीच दाखवतो. मूव्हिंग आयर्न दाखवतो तापवण्याची शक्ती मोजणारा आकडा, जो धक्क्यांच्या करंटात सरासरीहून नेहमी मोठा असतो. म्हणजे बॅटरीच्या पदरात पडले त्याहून जास्त पडले, असा पुन्हा तोच भ्रम. डिजिटल मीटरवर 'ट्रू आर.एम.एस.' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते; चार्जिंगच्या हिशेबासाठी त्याचा उपयोग नाही, डी.सी.ची रेंज लावून वाचावे.

मीटरची रेंज किती? येथे माणसे दोन्हीकडून चुकतात. काट्याच्या मीटरची अचूकता पूर्ण तबकडीवर सांगितलेली असते. १०० अँपिअरचा, दीड टक्क्याचा मीटर कोठेही दीड अँपिअर इकडे-तिकडे दाखवू शकतो. पन्नासाला दीड म्हणजे काही नाही. पण चार्जिंगच्या शेवटी ३ अँपिअर उरतात, तेव्हा दीडाची चूक म्हणजे निम्मा आकडा गेला. घरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला चार्जर साधारण १० ते १५ अँपिअर देतो. फक्त चार्जिंग पाहायचे असेल तर २० किंवा ३० अँपिअरचा मीटर बस्स. मात्र वीज गेल्यावर तीच बॅटरी इन्व्हर्टरला ५०-६० अँपिअर देते आणि ते उलट दिशेने. म्हणून मीटर बॅटरीच्या मुख्य तारेत घालायचा असेल तर मध्ये शून्य असलेला, दोन्ही बाजूंनी १०० अँपिअर झेपणाऱ्या शंटचा घ्यावा; बारीक करंट वाचायचे असतील तर डिजिटल. शंटवर कायम पूर्ण भार टाकू नये. १०० अँपिअरच्या शंटमध्ये पूर्ण करंटाला साडेसात वॅट उष्णता निघते. दोन-तृतीयांशावर ठेवला तर बरा राहतो.

जोडताना शंटवर चार जागा दिसतील: दोन मोठे बोल्ट, दोन लहान स्क्रू. केबली मोठ्या बोल्टांवर, मीटरच्या बारीक तारा लहान स्क्रूंवरच. आळसाने चारही मोठ्या बोल्टांखाली दाबल्या तर सांध्याचा विरोधही मोजला जातो आणि आकडा फुगतो. शंट सहसा मायनसच्या तारेत घालतात. मग बॅटरीच्या मायनसला दुसरी कोणतीही तार थेट जोडता कामा नये. सोलरची असो, दिव्याची असो, ती शंटच्या पलीकडे. नाही तर तिचा करंट नोंदीतून निसटतो, चोरवाटेने गेलेल्या मालासारखा.

क्लॅम्पमीटर हा फिरत्या माणसाचा सोबती. वापरण्यापूर्वी जबडा मोकळा ठेवून शून्याचे बटण दाबावे. तेही केबलीजवळ त्याच दिशेला धरून, कारण पृथ्वीचे चुंबकत्वसुद्धा त्याला थोडे कळते. जबड्यावरचा बाण कुठे आहे ते पाहावे म्हणजे करंट बॅटरीत जातो की बाहेर येतो ते चिन्हावरून कळते. एक-दोन अँपिअर त्याला नीट दिसत नाहीत. त्यावर एक युक्ती आहे: तार लवचीक असेल तर तिचे पाच वेढे जबड्यातून घ्यावेत आणि आलेला आकडा पाचाने भागावा.

आता आकडा वाचावा कसा, कारण मीटर घेऊन न वाचणारेही पुष्कळ. निरोगी बॅटरी सुरुवातीला चार्जर देईल तेवढा करंट घेते. व्होल्ट हळूहळू चढत १४.४ च्या आसपास पोचतो. तेथून पुढे व्होल्ट तोच राहतो आणि करंट उतरू लागतो. १५० च्या बॅटरीत दोन-तीन अँपिअरवर येऊन तो दोन तास तसाच राहिला की भरली समजावे. त्यानंतर चांगला चार्जर १३.५ ते १३.८ व्होल्टवर तिला नुसता आधार देतो. याला अपवाद दोन, आणि दोन्ही ओळखण्यासारखे. एक, व्होल्ट चढूनही करंट उतरतच नाही आणि बॅटरी हाताला गरम लागते: आत एखादा सेल बसला आहे, चार्जिंग ताबडतोब थांबवावे. दुसरा अधिक फसवा. चार्जर लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच व्होल्ट वर आणि करंट खाली. माणसाला वाटते, वा, लवकर भरली. वास्तविक तिच्या पट्ट्यांवरचे सल्फेट दगडासारखे घट्ट झालेले असते, किंवा टर्मिनल सैल अथवा पांढरी बुरशी चढलेले असते. तिला घेताच येत नाही. हिरवा दिवा करंट उतरला की लागतो. म्हणून रांगेत दहा बॅटऱ्या लावल्या तर सर्वांत खराब बॅटरीचा दिवा बहुधा सर्वांत आधी हिरवा होतो!

ई-रिक्षावाल्या बांधवांना हे विशेष सांगावेसे वाटते. २०१४-१५ मध्ये या गाड्यांना मोटार कायद्यात जागा मिळाली आणि बेकार तरुणांपासून हातरिक्षा सोडलेल्या वृद्धांपर्यंत पुष्कळ लोक या धंद्यात आले. पुष्कळ ठिकाणी रात्री गाडी शेडमध्ये लावायची आणि रात्रीचे ठरीव पैसे द्यायचे, अशी पद्धत आहे. किती अँपिअर-तास मिळाले याची पावती नाही. चार बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात, म्हणून चौघींतून करंट एकच जातो. एक मीटर पुरतो. पण व्होल्ट मात्र चौघींचे वेगवेगळे तपासावे. एक अशक्त असली तर ती बाकीच्या तिघींच्या आड लपते, आणि दिवसा तिच्यामुळे चौघी थांबतात. शेडच्या बोर्डावर प्रत्येक जागेला एक मीटर असावा, अशी मागणी करायला काय हरकत आहे? रॉकेलच्या दुकानात माप दाखवा म्हणून आपण भांडलोच होतो.

लिथियमच्या बॅटऱ्यांनी प्रश्न सुटला असे काहीजण म्हणतात. त्यांपैकी लोह-फॉस्फेटच्या सेलचा व्होल्ट निम्म्याहून अधिक प्रवासात जवळजवळ सपाट, ३.२-३.३ च्या आसपास राहतो. त्यामुळे तेथे व्होल्टवरून अंदाज करणे शिशाच्या बॅटरीहूनही अवघड. म्हणून त्यांत आतच शंट आणि मोजणी करणारा यंत्रभाग बसवतात, तो आलेले-गेलेले अँपिअर-तास बँकेच्या पासबुकासारखे मांडतो आणि टक्केवारी दाखवतो. पासबुकात पैशापैशाची चूक रोज साठत जाते. अधूनमधून बॅटरी पूर्ण भरली की तो आकडा आपोआप शंभरावर येऊन दुरुस्त होतो. महिनोन्महिने अर्धवटच भरत राहिलात तर चाळीस टक्के दाखवणारी गाडी भर रस्त्यात उभी राहील.

बॅटरी अकाली मेली की ती भंगारात जाते आणि तिचे शिसे वितळवणाऱ्यांच्या छातीत व हातांत उतरते. १९४८ च्या कारखाने कायद्याने ज्या आजारांची नोंद सक्तीची केली त्या यादीत शिशाची विषबाधा अगदी पहिली होती. परंतु भट्ट्या वस्तीतही चालतात, आणि तेथे मुले खेळतात. २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. एक बॅटरी दोन वर्षांऐवजी चार वर्षे टिकली तर त्या भट्टीत जाणारे शिसे निम्मे होते, एवढाच याचा आपल्या मीटरशी संबंध.

शेवटी जिवाच्या गोष्टी. अँमीटर नेहमी तारेच्या मधे घालायचा असतो. बॅटरीच्या प्लस आणि मायनसवर व्होल्टमीटरसारखा कधीही टेकवायचा नाही. मल्टिमीटरची तार १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि आपण व्होल्ट पाहायला गेलो, तर तो सरळ शॉर्ट आहे. तारा हातात वितळतात. बॅटरीवर काम करताना अंगठी, कडे, घड्याळ काढावे. सोन्याची अंगठी पाना आणि टर्मिनल यांच्यात सापडून लाल झालेली मी पाहिली आहे, आणि त्या बोटाचे पुढे काय झाले तेही पाहिले आहे. हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की ठिणगीने भडकतो, म्हणून खोलीला वरच्या बाजूला झरोका हवा, आणि चिमटे काढण्यापूर्वी चार्जर बंद. अॅसिडसाठी डोळ्यांवर चष्मा, शेजारी पाण्याची बादली.

व्यासपीठाच्या डाव्या हाताला टेबलावर एक जुनी बॅटरी, चार्जर, शंटचा मीटर आणि दोन क्लॅम्पमीटर, एक ए.सी.चा व एक डी.सी.चा, मांडून ठेवले आहेत. कोणता कोणता आहे ते मी मुद्दाम सांगितलेले नाही. ज्यांना लावून पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर यावे. अंगठ्या मात्र खिशात ठेवून.